जोडविशेषणे आणि त्यांचा उच्चार

मराठी जशी लिहिली जाते तशीच ती वाचली जाते, असा एक समज सुशिक्षित कुटुंबांतही रूढ आहे. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग आणि त्यांचा उच्चार यांची फारकत पाहून कंटाळलेल्या विद्यार्थ्यास हा समज मोठा दिलासा देतो. परंतु तो अर्धाच खरा आहे. 'चिपळूण' हे रत्नागिरी जिल्ह्यातील प्रसिद्ध गावाचे नाव घ्यावे. कागदावर त्यात चार अक्षरे आहेत: चि, प, ळू आणि ण. तोंडातून मात्र दोनच खंड बाहेर पडतात: चिप्–ळूण्. चारांपैकी दोन अक्षरांतील अकार लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. मराठी माणूस हा लोप इतक्या सहजतेने करतो की, आपण काही सोडून देत आहोत याची त्याला जाणीवही नसते. हा लोप कोठे होतो, कोठे होत नाही, आणि विशेषतः दोन शब्द एकत्र येऊन जोडविशेषण किंवा जोडनाम बनले म्हणजे त्याचे काय होते, हा या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करणे अवश्य आहे. 'अक्षर' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. लिहिण्यातील एक आकृती म्हणजे अक्षर, हा एक अर्थ. आणि एका स्वराभोवती, एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह म्हणजे अक्षर, हा दुसरा. या दुसऱ्या अर्थी येथे 'उच्चारखंड' किंवा नुसता 'खंड' हा शब्द योजिला आहे. प्रत्येक खंडास एक स्वर लागतोच. व्यंजने त्याच्या मागेपुढे उभी असतात. स्वर गेला की त्याचे व्यंजन निराधार होते आणि शेजारच्या खंडाच्या आश्रयास जाते. 'चिपळूण' या नावातील प आणि ण यांची हीच स्थिती आहे. प हा चि–च्या आश्रयास गेला, ण हा ळू–च्या.

संस्कृतात असे होत नाही. तेथे 'कमल' म्हणजे क–म–ल असे तीन पूर्ण खंड होतात. जुन्या मराठीतही शब्दाच्या अंती स्वर उच्चारला जाई. यादवकालीन लेखनातील 'देवु' यासारखी रूपे त्याची साक्ष देतात. पुढे बोलण्याच्या ओघात अंत्य स्वर झिजला आणि त्यापाठोपाठ शब्दाच्या मध्यावरील अकारही ठिकठिकाणी मुका झाला. लिपी मात्र होती तशीच राहिली. पंडितकवींच्या वृत्तबद्ध रचनेत हे मुके अकार अजूनही जिवंत आहेत. वृत्ताच्या मोजणीत त्यांस पूर्ण स्थान असते, आणि श्लोक चालीवर म्हणणारा मनुष्य ते स्पष्ट उच्चारतो. तोच मनुष्य श्लोक संपवून बोलू लागला की त्याच शब्दांतील तेच अकार गिळतो.

हा लोप मनमानी नाही. त्यास नियम आहे. तो पाहावयाचा तर शब्द शेवटाकडून मागे तपासावा लागतो. अगदी शेवटचा अकार मुका असतो. अपवाद 'शब्द', 'धर्म' यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांचा. तेथे दोन व्यंजनांचा भार पेलण्यासाठी थोडासा अ शिल्लक राहतो. त्यानंतर मागे येत असता, ज्या अकाराच्या आधी एक स्वरयुक्त अक्षर आहे आणि ज्याच्या पुढच्या अक्षराचा स्वर उच्चारला जातो, तो अकार मुका होतो. शब्दाचे पहिले अक्षर आपला अकार कधीही सोडत नाही.

हा नियम 'समजणे' या साध्या क्रियापदावर लावून पाहावा. 'समजला' यात शेवटी ला आहे. त्यामागील ज चा अकार लोपतो. ज मुका झाल्यामुळे म ला आपला अकार राखावा लागतो. खंड पडतात ते स–मज्–ला असे. 'समजेल' यात मात्र जे सस्वर आहे. म्हणून त्यामागील म चाच अकार जातो आणि खंड पडतात सम्–जेल्. धातू एकच, लेखनातील स, म, ज हीही तीच; परंतु एका रूपात म बोलतो, दुसऱ्या रूपात तो मुका होतो. मराठी शिकणारा परप्रांतीय येथे हमखास अडखळतो. मराठी घरातील तीन वर्षांचे मूल येथे चुकत नाही.

प्रत्यय लागला की शब्दाची घडी कशी मोडते, हेही यावरून ध्यानात येईल. 'कमळ' हा शब्द क–मळ् असा दोन खंडांचा आहे. 'कमळाला' म्हणताच तो कम्–ळा–ला असा होतो. म पहिल्या वेळी दुसऱ्या खंडाचा आरंभ होता. आता तो पहिल्या खंडाचा शेवट झाला. परभाषेतून आलेले शब्दही या नियमास शरण जातात. 'पेपर' या इंग्रजी शब्दास मराठी प्रत्यय लागला की 'पेपरात' चा उच्चार पेप्–रात् होतो. 'टेबल' चे 'टेबलाला' झाले की टेब्–ला–ला असेच ऐकू येते. शब्द इंग्लंडातून आला तरी त्याचे खंड पाडणारी जीभ इथलीच असते.

आता जोडशब्दांकडे वळू लागताच या सुबोध नियमास पहिला धक्का बसतो. 'लोकसभा' हा शब्द घ्यावा. वर सांगितलेला नियम त्यास आंधळेपणाने लावला तर भा च्या मागील स मुका व्हावयास पाहिजे, क ने आपला अकार राखावयास पाहिजे, आणि उच्चार लो–कस्–भा असा व्हावयास पाहिजे. असा उच्चार कोणीही मराठी मनुष्य करीत नाही. तो म्हणतो लोक्–स–भा. याउलट, अगदी त्याच ठेवणीचा 'सोडवला' हा शब्द मात्र नियमाप्रमाणे सो–डव्–ला असाच उच्चारला जातो. दोन्ही शब्दांत पहिले अक्षर ओकारयुक्त, मधली दोन अकारयुक्त आणि शेवटचे आकारयुक्त आहे. कागदावर त्यांचा सांगाडा एकच. तोंडात तो निराळा. हे असे का व्हावे?

कारण 'सोडवला' हा एकसंध शब्द आहे आणि 'लोकसभा' हे दोन शब्दांचे घर आहे. 'सभा' या शब्दातील स हे मूळ शब्दाचे पहिले अक्षर आहे, आणि शब्दाचे पहिले अक्षर आपला अकार सोडत नाही, हे वर सांगितलेच आहे. समासात दुसऱ्या जागी बसल्यावरही 'सभा' हा शब्द आपला हा हक्क विसरत नाही. तद्वतच 'लोक' हा शब्द आपल्या अंत्य क चा अकार टाकण्याचा जुना रिवाज पुढेही पाळतो. म्हणून जोडशब्दांचा नियम असा: सांध्यावर शब्द दोन भागांत तोडावा, प्रत्येक भागाचे खंड निरनिराळे पाडावेत, आणि मग ते एकमेकांशेजारी ठेवावेत. 'घरगडी' म्हणजे घर्–ग–डी, घ–रग्–डी नव्हे. 'नवकवी' म्हणजे नव्–क–वी, न–वक्–वी नव्हे. आणि चिपळूणच्या कारभाराची जी 'नगरपरिषद', ती न–गर्–प–रि–षद्; सांध्याचा विचार न करणारा नियम तिचे नग्–रप्–रि–षद् असे ओळखू न येणारे रूप करून टाकील.

जोडविशेषणांत या नियमाचा प्रत्यय विशेष ठळकपणे येतो. कारण मराठीत विशेषणे जोडण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक तऱ्हेचा सांधा निराळ्या घट्टपणाचा आहे. पहिली तऱ्हा उपसर्गासारख्या लहान पदांनी जोडलेल्या विशेषणांची. 'बिनपगारी' मध्ये पगारी चा प आपला अकार राखतो: बिन्–प–गा–री. 'बेजबाबदार' मध्ये ज राखतो: बे–ज–बाब्–दार्. 'नापसंत' मध्ये पुन्हा प: ना–प–संत्. नकारदर्शक अ हे एका स्वराचेच पद; पण तेही सांध्याचा मान मिळवते. 'असफल', 'अगणित', 'अपरिचित' या विशेषणांत अ च्या पुढील अक्षराचा अकार स्पष्ट ऐकू येतो. 'असफल' चा उच्चार अ–स–फल् होतो, अस्–फल् होत नाही. कारण 'सफल' हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात त्यामागे उभा असतो.

दुसरी तऱ्हा दोन स्वतंत्र शब्दांच्या जोडीची: 'मनमोकळा', 'तोंडदेखला', 'कामचुकार', 'पोटभरू', 'सडपातळ'. यांत विभक्तीचे विकार शेवटच्या पदास होतात आणि ते त्या पदाच्या आतच राहतात. 'सडपातळ' चे खंड सड्–पा–तळ्. त्याचे 'सडपातळाला' केले की सड्–पात्–ळा–ला. दुसऱ्या पदाची घडी मोडली, पण सांध्याच्या अलीकडील 'सड' जागचे हलले नाही. घराच्या एका खोलीतील सामान हलवावे आणि मधली भिंत मात्र शाबूत राहावी, तसा हा प्रकार आहे.

तिसरी तऱ्हा मराठीचे खास लेणे म्हणावयास हरकत नाही. 'लालभडक', 'पिवळाधमक', 'पांढराशुभ्र', 'काळाकुट्ट', 'हिरवागार', 'निळाशार' ही रंगांची विशेषणे होत. यांत दुसरे पद रंगाचा गडदपणा सांगते. आणि पहिले पद विकारी असेल तर लिंगवचनाप्रमाणे तेच बदलते. शेत हिरवेगार, वेल हिरवीगार, रान हिरवेगार, आणि त्या हिरव्यागार रानात पाऊस. विकार शब्दाच्या शेवटी न होता मध्यावर व्हावा, यावरूनच येथील सांधा किती सैल आहे हे दिसते. उच्चारातही हिर्–वा–गार् असे दोन पदांचे खंड स्वच्छ निराळे पडतात. बोलणारा रंगात आला म्हणजे पहिल्या पदातील व्यंजनावर जोर देऊन 'हिरव्वागार', 'पिवळ्ळाधमक' असेही म्हणतो. पण दुसऱ्या पदाच्या आरंभास तो कधी धक्का लावीत नाही.

गावाच्या नावावरून बनणाऱ्या शब्दांत तर एक सुंदर उदाहरण हाती लागते. 'चिपळूण' या नावास जुन्या वळणाने विभक्तीचा प्रत्यय लाविला तर 'चिपळुणास', 'चिपळुणात' अशी रूपे होतात आणि दीर्घ ळू ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतही, अकारान्त शब्दाचे उपान्त्य दीर्घ ई–ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व लिहावे, असे सांगितले आहे. हा नियम कोणी कागदावर बसून रचलेला नव्हे; त्यामागे उच्चाराची वस्तुस्थिती आहे. 'चिपळूण' मध्ये ण हा ळू च्या खंडास बंद करतो, तेथे स्वर लांबतो. 'चिपळुणात' मध्ये तोच ण पुढच्या आ शी जाऊन मिळतो: चिप्–ळु–णात्. खंड उघडा पडला, स्वर आखडला.

परंतु 'चिपळूणकर' म्हणताना मात्र ऊ दीर्घच राहतो: चिप्–ळूण्–कर्. येथे ण आपली जागा सोडीत नाही. याचा अर्थ, 'कर' हा शब्दाच्या आत शिरणारा प्रत्यय नसून समासाच्या दुसऱ्या पदासारखा वेगळी चूल मांडून राहणारा आहे. 'निबंधमाला' १८७४ साली सुरू करणारे विष्णुशास्त्री आणि त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांचे आयुष्य पुण्यात गेले. पण त्यांच्या आडनावात चिपळूण गाव आपल्या दीर्घ ऊकारासह अखंड राहिले, ते या 'कर' च्या स्वभावामुळे.

याचा दुसरा पुरावा चिपळूण तालुक्यातच सापडतो. सावर्डे गावच्या लोकांविषयी बोलताना 'सावर्डेकरांना' म्हटले जाते. त्याचा शेवट कानांनी नीट ऐकावा: डे–क–रां–ना. क चा अकार स्पष्ट आहे. आता 'लेकरांना' हा शब्द उच्चारून पाहावा: लेक्–रां–ना. क चा अकार नाहीसा झाला. कागदावर दोहोंच्या शेवटी एकारानंतर 'करांना' अशी तीच तीन अक्षरे आहेत. पण पहिल्यात क हा नव्या पदाचा आरंभ आहे, दुसऱ्यात तो एकाच शब्दाच्या पोटात आहे. कानाने सांधा ओळखावयाचा असेल तर याहून सोपी कसोटी मिळणे कठीण.

याच परिसरातील गावांची नावे लेखनाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहेत. 'सावर्डे', 'खेर्डी', 'कुंभार्ली' या नावांत र ला पुढच्या अक्षरावर रफार म्हणून बसविले आहे. म्हणजे येथे लिपीने उच्चार जसाच्या तसा टिपला. उलट 'पोफळी', 'मिरजोळी', 'कापसाळ', 'दळवटणे' यांत तसाच लोप असून तो लिहिला जात नाही. उच्चार पोफ्–ळी, मिर्–जो–ळी, काप्–साळ्, दळ्–वट्–णे असेच आहेत. 'गोवळकोट' हे नाव तर गो–वळ्–कोट् असे उच्चारले जाऊन आपला सांधा आपणच सांगते. रेल्वेच्या फलकावरील रोमन लिपीतील 'चिपळूण' पाहिले तर तेथे प नंतर स्वराचे चिन्ह नाही. म्हणजे नागरीने जो मुकेपणा लपविला तो रोमन लिपीने उघड केला. मात्र ळ, ण आणि दीर्घ ऊ या तिन्ही गोष्टी रोमन लिपीत हरवल्या. एक लिपी एक सत्य सांगते आणि दुसरे झाकते.

सर्वच सांधे कायम टिकतात असे मात्र नाही. फार जुन्या समासांतील सांधे काळाच्या ओघात बुजून गेले आहेत. 'कुंभकार' चा कुंभार, 'सुवर्णकार' चा सोनार, 'दीपावली' ची दिवाळी आणि 'देवकुल' चे देऊळ झाले. 'देऊळ' हा शब्द आता कोणासही जोडशब्द वाटत नाही. म्हणूनच तो प्रत्ययापुढे निमूटपणे वाकतो आणि 'देवळात' असे रूप घेऊन देव्–ळात् असा उच्चारला जातो. यावरून असे म्हणता येते की, सांधा शब्दात नसून बोलणाऱ्याच्या मनात असतो. मनाने दोन पदे ओळखली तोवर जीभ त्यांस वेगळे राखते. ओळख पुसली की सर्व एकजीव होते.

इंग्रजी भाषेतही हा व्यवहार आहे, पण त्याचे साधन निराळे आहे. तेथे 'कप' आणि 'बोर्ड' यांचा जुना जोडशब्द 'कबर्ड' असा आखडला. प बुजला आणि दुसऱ्या पदाचा स्वर क्षीण झाला. आपल्या 'देऊळ' सारखीच ही गोष्ट. परंतु ज्या जोडशब्दांची दोन्ही पदे अजून ओळखू येतात, त्यांत इंग्रजी मनुष्य सांधा व नाते दाखवितो ते आघाताने. 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे शाळेतील फळा, असे सांगावयाचे तेव्हा जोर 'ब्लॅक' वर. कोणतीही काळ्या रंगाची फळी असे सांगावयाचे तेव्हा जोर 'बोर्ड' वर. जोडविशेषणांत हा आघात जागाही बदलतो. 'तो गृहस्थ वेल-नोन आहे' अशा अर्थाच्या वाक्यात, विशेषण शेवटी आले असता, जोर 'नोन' वर पडतो. तेच विशेषण नामापूर्वी आले की जोर 'वेल' वर सरकतो. मराठीत आघाताचे एवढे प्राबल्य नाही. म्हणून मराठी विद्यार्थी इंग्रजी जोडविशेषणांतील दोन्ही पदांवर सारखाच भार देतो आणि त्याचे इंग्रजी व्याकरणशुद्ध असूनही सपाट वाटते.

इंग्रजी जोडविशेषणांच्या खंडांत दुसरी अडचण त्यांच्या शेवटच्या भूतकाळदर्शक प्रत्ययाची आहे. लेखनात त्यात स्वर दिसतो. उच्चारात तो बहुधा नसतो. 'ओल्ड-फॅशन्ड' मध्ये फॅ–शन्ड् असे दोनच खंड पडतात. पद ट किंवा ड या ध्वनींनी संपत असेल तरच तो स्वर जिवंत होतो. म्हणून 'काइंड-हार्टिड' मध्ये हार्–टिड् हे दोन खंड येतात. शाळेच्या क्रीडादिनी मुले तीन पायांची शर्यत धावतात, तिच्या इंग्रजी नावातील विशेषण 'लेग्ड' असेही म्हणतात आणि 'लेगिड' असेही. दोन्ही रूढ आहेत. तेव्हा लिहिलेला स्वर गिळण्याची खोड मराठीचीच आहे असे मानून खंत करण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, मराठीची खोड नियमाने बांधलेली आणि म्हणून शिकता येण्याजोगी आहे.

या सूक्ष्म विचाराचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर तीन ठिकाणी मिळते. पहिले ठिकाण शाळा. मूल प्रथम अक्षर जुळवून वाचते: लो, क, स, भा. ते चारही अक्षरे बरोबर वाचते आणि तरी त्यास शब्द कळत नाही. कारण त्याने ऐकलेला शब्द त्या चार अक्षरांचा नसून तीन खंडांचा आहे. अशा वेळी शब्दाचा सांधा दाखवून 'लोक' आणि 'सभा' असे दोन भाग त्याच्यापुढे ठेवले की ओळख तात्काळ पटते.

दुसरे ठिकाण नभोवाणी. मुंबईहून १९२७ साली प्रक्षेपण सुरू झाले तेव्हापासून, छापील मजकूर डोळ्यांऐवजी कानांना देण्याचे काम निवेदकावर येऊन पडले. वाचकास शब्द अडला तर तो मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. श्रोत्यास ती सोय नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा या गावाचे नाव देशभरच्या वृत्तनिवेदनांत उच्चारले गेले. अशा प्रसंगी ज्याचे आप्त त्या गावी आहेत त्यास आपल्या गावाचे, शेजारच्या वाडीचे नाव एका ऐकण्यात ओळखू यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे. गावाचे नाव नीट उच्चारणे हा केवळ भाषेचा शोक नाही. बातमी योग्य घरी पोचविण्याचा तो भाग आहे.

तिसरे ठिकाण अगदी अलीकडचे. आता यंत्रेही मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवितात आणि दृष्टिहीन वाचकांस त्यांचा मोठा आधार आहे. परंतु यंत्रास मराठी आईने वाढविलेले नसते. अकार कोठे मुका करावयाचा हा नियम त्यास शिकविता येतो. पण सांधा कोठे आहे हे त्यास कळावे कसे? सांधा न ओळखणारे यंत्र 'घरगडी' चा घ–रग्–डी करील आणि 'बिनपगारी' चा बि–नप्–गा–री. यास्तव अशा यंत्रामागे जोडशब्दांचा, त्यांची पदे तोडून दाखविणारा कोश उभा करावा लागतो. मोरो केशव दामले यांनी आपले 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध केले तेव्हा असे वाचणारे यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण वर्ण, शब्द आणि समास यांची जी चिकित्सा अशा ग्रंथांनी केली, तिच्याच पायावर आजचे हे काम उभे राहावयाचे आहे.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ साली झाली, आणि २०१३ साली त्याच शहरात ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लिहिलेल्या मराठीची अशी जपणूक ठिकठिकाणी होत आली आहे. बोललेल्या मराठीची जपणूक मात्र घरोघरच व्हावयाची असते, आणि तिला खर्च काहीच नाही. लांब शब्द समोर आला की प्रथम त्याची पदे ओळखावीत, दुसऱ्या पदाच्या पहिल्या अक्षरास त्याचा अकार पुरा द्यावा, आणि पहिल्या पदाच्या शेवटी रेंगाळू नये. घरातील वडील माणसांनी एवढे पाळले, की मुलांच्या कानांवर तेच पडत जाते आणि पुढे त्यांना नियम सांगण्याची गरज उरत नाही.